पहिल्या सोनोग्राफीचा अहवाल कसा वाचावा: पाचव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत

पाळी चुकते, घरच्या तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात आणि आठ-दहा दिवसांत डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आपण सोनोग्राफी केंद्रात जाऊन बसतो. तिथून बाहेर पडताना हातात इंग्रजी संक्षेपांनी भरलेला एक-दोन पानी अहवाल आणि त्याला जोडलेला काळा-करडा फोटो असतो. डॉक्टरांची वेळ बहुधा दुसऱ्या दिवशीची मिळते आणि मधली रात्र तो कागद उलटसुलट वाचण्यात जाते. माझ्या पहिल्या अहवालात शेवटच्या ओळीत ‘फीटल पोल (गर्भाचा ठिपका) दिसत नाही’ एवढेच लिहिले होते, आणि त्याचा अर्थ ‘सगळे संपले’ असा मी मनाशी लावून टाकला. प्रत्यक्षात त्या दिवशी मला पाच आठवडे आणि दोन दिवस झाले होते, आणि त्या दिवसांत बाळ दिसण्याची अपेक्षाच नसते. दहा दिवसांनी त्याच खोलीत बाळाचे ठोके दिसले. अहवाल नेमका काय सांगतो आणि काय सांगत नाही हे तेव्हा कोणी समजावले असते तर ते दहा दिवस वेगळे गेले असते, म्हणून हा लेख लिहीत आहे. तो डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, मात्र डॉक्टरांना काय विचारायचे हे ठरवायला त्याची मदत व्हावी.

आधी तारीख पक्की करा

अहवालातला प्रत्येक आकडा आठवड्यांशी ताडून वाचावा लागतो, त्यामुळे आठवड्यांचा हिशेब चुकला की पुढचे सगळेच चुकते. गरोदरपणाचे आठवडे गर्भ राहिल्याच्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. अहवालात या तारखेला ‘एलएमपी’ म्हटलेले असते. पाळी २८ दिवसांची असेल तर बीजांड साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडते, म्हणजे कागदावर ‘सहा आठवडे’ असतात तेव्हा गर्भाचे खरे वय चार आठवड्यांच्या आसपास असते.

पाळी २८ दिवसांची नसेल तर काय होते, हे इथे थांबून समजून घ्यावे, कारण निष्कारण घाबरण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. समजा, एखाद्या बाईची पाळी दर ४० दिवसांनी येते. तिचे बीजांड चौदाव्या नव्हे, तर सुमारे सव्विसाव्या दिवशी बाहेर पडते, म्हणजे तिचा गर्भ कागदी हिशेबापेक्षा बारा दिवस मागे असतो. शेवटच्या पाळीप्रमाणे तिला सात आठवडे झाले, तरी गर्भाच्या वाढीनुसार ते पाच आठवडे आणि दोनच दिवस असतात. त्या दिवशी फक्त गर्भकोश, म्हणजे गर्भाभोवतीचे पाण्याचे आवरण, दिसणे तिच्या बाबतीत अगदी योग्य आहे, पण अहवालावर मात्र ‘सात आठवडे, गर्भ दिसत नाही’ असे उमटते. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा बीजांडकोशाचा विकार) असलेल्या, नुकत्याच गर्भनिरोधक गोळ्या थांबवलेल्या किंवा बाळाला अंगावर पाजत असताना पुन्हा दिवस गेलेल्या स्त्रियांना हे विशेष लागू पडते. आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा करण्याचा उपचार) केले असेल तर अंदाजाचा प्रश्न येत नाही: पाच दिवसांचा भ्रूण ज्या दिवशी सोडला त्यातून १९ दिवस वजा केले की हिशेबाची ‘शेवटची पाळी’ मिळते.

म्हणून सोनोग्राफीला जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, पाळी साधारण किती दिवसांनी येते, पट्टीवर दोन रेघा प्रथम कधी दिसल्या, आणि मध्ये कधी डाग दिसले का किंवा अंगावरून गेले का. शेवटची पाळी नेहमीपेक्षा बरीच कमी गेली असेल तर तेही सांगावे, कारण ती पाळी नसून गर्भ राहिल्यानंतरचा रक्तस्राव असू शकतो. तारीख नक्की आठवत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. अंदाजाने सांगितलेली तारीख कागदावर पक्की होऊन बसते.

तपासणीच्या दिवशी

ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीचे अहवाल सोबत घ्यावेत. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या वेळी ‘फॉर्म एफ’ भरला जातो आणि त्यात गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही अशी तिची सही असते. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा असून तो १९९६ पासून लागू झाला. मुलगा की मुलगी हे विचारणे, सांगणे आणि खुणेने सुचवणे, तिन्ही गुन्हे आहेत. शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर मातांच्या तपासण्या मोफत असतात, त्यांत सोनोग्राफीही येते.

सुरुवातीच्या आठवड्यांत तपासणी दोन प्रकारे होते. पोटावरून करायची असेल तर लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणून पाणी पिऊन थांबायला सांगतात. योनीमार्गातून करायची असेल, जिला अहवालात ‘टीव्हीएस’ म्हणतात, तर उलट लघवी करून यावे लागते. या दुसऱ्या तपासणीची अनेकींना भीती वाटते आणि घरचेही ‘नको’ म्हणतात. तिने गर्भपात होत नाही. तपासणीची दांडी योनीमार्गातच राहते, गर्भाशयाच्या आत जात नाही, आणि सोनोग्राफीत क्ष-किरण नसून ध्वनिलहरी असतात. आठव्या आठवड्याच्या आत स्पष्ट उत्तर हवे असेल तर तीच अधिक भरवशाची. स्त्री डॉक्टर किंवा सोबत स्त्री मदतनीस असावी असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. अहवाल हाती आल्यावर तपासणी कोणत्या मार्गाने झाली हे आधी पाहावे, कारण पोटावरून तीच गोष्ट दिसायला बहुधा आठवडाभर जास्त लागतो.

अहवाल वाचण्याचा क्रम

वाचन शेवटून सुरू करावे. शेवटी ‘इंप्रेशन’ या शीर्षकाखाली दोन-तीन ओळींत तपासणाऱ्या डॉक्टरांचा निष्कर्ष असतो. ‘सिंगल लाइव्ह इंट्रायूटेरिन’ हे शब्द तिथे असतील, तर एक गर्भ आहे, त्याचे हृदय चालू आहे आणि तो गर्भाशयातच आहे, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. ‘फॉलोअप’ हा शब्द असेल, तर आजच्या दिवशी निष्कर्ष काढता येत नाही, पुन्हा पाहावे लागेल, एवढाच त्याचा अर्थ. ती वाईट बातमी नव्हे.

आपल्याकडे एका शब्दाने फार घोटाळा होतो, तो शब्द ‘पिशवी’. गर्भाशयालाही आपण पिशवी म्हणतो, आणि गर्भाशयात गर्भाभोवती तयार होणाऱ्या पाण्याच्या आवरणालाही पिशवीच म्हणतो. ‘पिशवी रिकामी आहे’ हे वाक्य त्यामुळे दोन पूर्णपणे वेगळ्या अर्थांनी घरी पोहोचते. गर्भाशय रिकामे असेल तर गर्भ कुठे आहे याचा शोध तातडीने घ्यावा लागतो. गर्भाशयात गर्भकोश आहे पण त्यात अजून गर्भ दिसत नाही, असे असेल तर बहुतेक वेळा काही दिवस थांबून पुन्हा तपासायचे असते. डॉक्टरांनी ‘पिशवी’ म्हटले की कोणती, हे त्याच क्षणी विचारून घ्यावे. या लेखात बाहेरच्या पिशवीला गर्भाशय आणि आतल्या पिशवीला गर्भकोश म्हटले आहे.

योनीमार्गातून केलेल्या तपासणीत एकेक गोष्ट ठरावीक क्रमाने दिसू लागते. साडेचार ते पाच आठवड्यांच्या सुमारास गर्भकोश दिसतो. अहवालात तो ‘जी सॅक’ असतो. साडेपाच आठवड्यांच्या सुमारास त्यात अंगठीसारखे छोटे वर्तुळ दिसते. ते ‘योक सॅक’, सुरुवातीच्या काळात गर्भाला पोषण पुरवणारी पिशवी. ती दिसली की गर्भकोश खरा आहे आणि गर्भाशयातच आहे याची खात्री पटते, म्हणून या छोट्या वर्तुळाला फार महत्त्व आहे. सहा आठवड्यांच्या सुमारास तिच्या कडेला गर्भाचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, म्हणजे ‘फीटल पोल’, आणि त्यात हृदयाची फडफड दिसते. या वेळा दोन-चार दिवसांनी पुढेमागे होतात, क्रम मात्र बदलत नाही.

मग आकड्यांकडे वळावे. ‘एमएसडी’ म्हणजे गर्भकोशाच्या तीन बाजूंच्या मापांची सरासरी. ‘सीआरएल’ म्हणजे डोक्यापासून ढुंगणापर्यंत गर्भाची लांबी. हे माप १९७३ मध्ये ग्लासगो येथे ह्यू रॉबिन्सन यांनी प्रसिद्ध केले, आणि पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचे वय ठरवायला त्याहून भरवशाचे साधन आजही नाही. दहा मिलिमीटर लांबी साधारण सात आठवड्यांना, सोळा मिलिमीटर आठ आठवड्यांना आणि तेवीस मिलिमीटर नऊ आठवड्यांना जुळते. वाचताना एकक नीट पाहावे: काही केंद्रे मिलिमीटरमध्ये लिहितात, काही सेंटिमीटरमध्ये, आणि ०.७ सेंटिमीटर म्हणजेच सात मिलिमीटर.

ठोके

हृदयाचे ठोके मिनिटाला किती, हे ‘एफएचआर’ किंवा ‘बीपीएम’पुढे लिहिलेले असते. सहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला ते १०० ते ११५ च्या आसपास असतात, नवव्या आठवड्याच्या सुमारास १७० पर्यंत चढतात आणि नंतर हळूहळू उतरतात. त्यामुळे मैत्रिणीच्या अहवालात १६८ आणि तुमच्यात ११० असेल, तर आधी दोघींचे आठवडे पाहावेत. सहाव्या-सातव्या आठवड्यात ठोके ९० च्या खाली असतील तर ती काळजीची खूण मानतात आणि आठवड्याभरात पुन्हा तपासतात. ठोक्यांच्या वेगावरून मुलगा-मुलगी ओळखता येते या समजुतीला काहीही आधार नाही.

ठोके दिसले नाहीत तर

या लेखातला हा भाग सावकाश वाचावा अशी विनंती आहे. गर्भ खरोखर वाढत नाही असे केव्हा म्हणायचे, याचे पूर्वीचे निकष आजच्यापेक्षा बरेच सैल होते: गर्भ पाच मिलिमीटरचा असून ठोके नाहीत, किंवा गर्भकोश सोळा मिलिमीटरचा असून आत गर्भ नाही, एवढ्यावर निदान केले जाई. मोजणाऱ्या दोन व्यक्तींच्या मापांत थोडा फरक पडतोच, आणि इतक्या छोट्या मापांत तो थोडा फरकही निर्णय उलटवू शकतो. त्यामुळे वाढू शकले असते असे काही गर्भ चुकीच्या निदानाने गमावले जाण्याचा धोका होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेतील सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाऊंड या संस्थेने तज्ज्ञांना एकत्र बसवून निकष अधिक कडक केले, आणि २०१३ मध्ये ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले.

योनीमार्गातून केलेल्या तपासणीसाठीचे ते निकष असे आहेत. गर्भाची लांबी सात मिलिमीटर किंवा जास्त आहे आणि तरीही ठोके नाहीत. गर्भकोशाची सरासरी पंचवीस मिलिमीटर किंवा जास्त आहे आणि आत गर्भ नाही. आधीच्या तपासणीत योक सॅक नसलेला गर्भकोश होता आणि दोन आठवडे किंवा अधिक काळानंतरही ठोके असलेला गर्भ दिसत नाही. किंवा आधी योक सॅकसह गर्भकोश होता आणि अकरा दिवस किंवा अधिक काळानंतरही ठोके असलेला गर्भ दिसत नाही. यांपैकी एखादी गोष्ट असेल तरच निदान पक्के मानतात. त्याच्या अलीकडचे सगळे, म्हणजे सहा मिलिमीटरचा गर्भ ठोक्यांविना, किंवा वीस मिलिमीटरचा गर्भकोश गर्भाविना, हे ‘शंका’ या सदरात मोडते, आणि शंकेचे उत्तर सात ते दहा दिवसांनी केलेली दुसरी तपासणी देते. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना तर सात मिलिमीटरच्या पुढेही दुसऱ्या तज्ज्ञाचे मत किंवा आठवड्यानंतर पुन्हा तपासणी सांगतात.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे: तुमची प्रकृती स्थिर असेल, रक्तस्राव फार नसेल आणि मूल हवे असेल, तर सुरुवातीच्या एकाच अहवालावरून त्याच दिवशी गर्भाशय साफ करण्याचा निर्णय घेऊ नये. ‘माझी मापे पक्क्या निदानाच्या निकषांत बसतात का? नसतील तर आठवड्याने पुन्हा पाहू शकतो का?’ हे दोन प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावेत. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

निदान पक्के झालेच, तर तीन मार्ग असतात: नैसर्गिकरीत्या होण्याची वाट पाहणे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घेणे, किंवा गर्भाशय रिकामे करणे. आपल्याकडे सर्रास ‘क्युरेटिंग’ म्हणतात, पण खरवडण्याच्या जुन्या पद्धतीऐवजी निर्वात शोषणाची पद्धत वापरावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, तेव्हा कोणती पद्धत वापरणार हे विचारावे. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर तो आठवणीने सांगावा, म्हणजे अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का हे वेळेत ठरते. आणि हे घरातल्या सगळ्यांनी वाचावे: सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्मे गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषांमुळे होतात. पपईची फोड, रिक्षाचा प्रवास, ग्रहणात चिरलेली भाजी किंवा जिना चढणे यांमुळे ते होत नाहीत. कुणी बाईला दोष देत असेल तर त्याला तिथेच थांबवावे.

इथे मात्र वाट पाहू नये

पट्टी पॉझिटिव्ह आहे, पण गर्भाशयात काहीच दिसत नाही, असे असेल तर तीन शक्यता असतात: गर्भ इतका लहान आहे की अजून दिसत नाही, गर्भपात होऊन गेला आहे, किंवा गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत राहिला आहे. या अवस्थेला अहवालात ‘प्रेग्नन्सी ऑफ अननोन लोकेशन’ म्हणतात. अशा वेळी बिटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्यावर तयार होणाऱ्या संप्रेरकाची पातळी मोजणारी रक्ततपासणी, ४८ तासांच्या अंतराने दोनदा करतात, कारण एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त सांगते. सुरळीत गर्भात ही पातळी सुरुवातीच्या दिवसांत ४८ तासांत बहुधा किमान दीडपट होते.

नलिकेतला गर्भ शंभरात एक-दोन गरोदरपणांत आढळतो, आणि नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव धोक्यात येतो. पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, घेरी, किंवा तासाला पॅड भिजेल इतका रक्तस्राव, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. बाहेरून रक्तस्राव थोडा आहे म्हणून धोका थोडा, असे या आजारात नसते. अहवालात ‘अ‍ॅडनेक्सल मास’ (गर्भाशयाच्या बाजूला गाठ) किंवा ‘फ्री फ्लुइड’ (पोटात साठलेला द्रव) हे शब्द दिसले आणि गर्भाशयात गर्भकोश नसेल, तर तो अहवाल त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवावा.

घाबरवणारे इतर शब्द

‘कॉर्पस ल्युटियम सिस्ट’ ही बीजांड बाहेर पडलेल्या जागी राहणारी गाठ असते. ती सुरुवातीला गर्भाला लागणारे संप्रेरक तयार करते आणि बहुधा आपोआप विरते. ‘रेट्रोव्हर्टेड यूटेरस’ म्हणजे मागे झुकलेले गर्भाशय. ते अनेकींचे असते. ‘सबकोरिऑनिक हिमॅटोमा’ म्हणजे गर्भकोशाच्या कडेला साठलेले थोडे रक्त. त्याचा आकार आणि तुमचा रक्तस्राव पाहून डॉक्टर सल्ला देतात, आणि लहान असेल तर बहुतेक गरोदरपणे सुखरूप पुढे जातात. दिवसरात्र अंथरुणात पडून राहिल्याने गर्भपात टळतो असे अभ्यासांत दिसलेले नाही. ‘इंटर्नल ओएस क्लोज्ड’ म्हणजे गर्भाशयाचे तोंड बंद आहे, आणि ते तसेच असायला हवे.

जुळे असतील तर दोघांची वार एकच आहे की वेगवेगळी, हे चौदा आठवड्यांच्या आतच सर्वांत स्पष्ट दिसते. ते त्याच वेळी लिहून घेतले पाहिजे, कारण पुढच्या तपासण्या किती अंतराने करायच्या हे त्यावर ठरते.

तारीख बदलली तर

प्रसूतीची संभाव्य तारीख, म्हणजे ‘ईडीडी’, शेवटच्या पाळीपासून २८० दिवसांनी येते. झटपट हिशेबासाठी नऊ महिने आणि सात दिवस मिळवतात. सोनोग्राफीची तारीख आणि पाळीची तारीख यांत फरक असेल, तर नऊ आठवड्यांच्या आत पाच दिवसांपेक्षा जास्त, किंवा नऊ ते चौदा आठवड्यांत सात दिवसांपेक्षा जास्त फरक आल्यास सोनोग्राफीची तारीख धरण्याची पद्धत आहे. एकदा धरली की ती पुढे बदलायची नसते. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर वेगळी तारीख छापून आली तर ती बाळाच्या आकारावरून काढलेली असते. बाळंतपणाची तारीख तेवढ्याने पुढेमागे होत नाही.

पुढची तपासणी

अकरा आठवडे ते तेरा आठवडे सहा दिवस या काळात ‘एनटी स्कॅन’ होतो. त्या वेळी बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असावी लागते, आणि मानेमागच्या पातळ द्रवाच्या थराची जाडी मोजतात. ती ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पुढच्या तपासण्या सुचवतात, पण जाडी जास्त म्हणजे बाळात दोष आहेच, असे नसते. ही चाळणी आहे. सोबत डबल मार्कर ही रक्ततपासणी करतात आणि दोन्हींचा एकत्रित धोका ‘एवढ्यांत एक’ असा लिहून येतो. ही मुदत एकदा उलटली की हे माप पुन्हा घेता येत नाही, म्हणून पहिल्या अहवालावरून तारीख ठरताच या तपासणीची वेळ घेऊन ठेवावी.

पहिला अहवाल, विशेषतः सीआरएल लिहिलेला, माता-बाल संरक्षण कार्डासोबत एकाच फाइलमध्ये ठेवावा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. बाळंतपणासाठी माहेरी जाल तेव्हा तिथले डॉक्टर नवे असतील, आणि सातव्या महिन्यात कोणी बाळ वजनाने लहान आहे म्हणाले तर ते सर्वांत आधी हाच कागद मागतील.